घट झाली, पण कशावरून?

या वेळच्या टपालात पवनानगर आणि धरणाकाठच्या गावांतली पत्रं बरीच आहेत. विषय निरनिराळे आहेत, पण सूर एकच: अमुक पूर्वी भरपूर होतं, आता कमी झालं. संख्याशास्त्राच्या माणसाला अशी पत्रं आवडतात आणि धास्तीही वाटते. नवा बंगला उभा राहिला की तो दिसतो. न आलेला पक्षी, न जन्मलेलं मूल, न पिकलेलं पोतं कुणाला दिसणार? घट ही वजाबाकी आहे. तिला दोन आकडे लागतात, आणि पहिला आकडा बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवलेला नसतो. तो मिळवण्यासाठी निरनिराळ्या शास्त्रांतल्या मंडळींनी काय काय केलं आहे, ते पत्रांच्या ओघात येईलच. पत्रं जागेअभावी छाटली आहेत, नावं गाळली आहेत.

शंका: धरणाचा साठा ऐंशी टक्क्यांवरून सत्तरवर येताना पाणी फारसं हललेलं दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र ते बघता बघता खाली जातं. शेवटचं पाणी लवकर संपतं का? आणि एवढा गाळ साठलेला असताना हे टक्के खरे मानायचे का? (पवनानगर)

समाधान: टक्के हे घनफळाचे असतात आणि आपण पाहतो ती पातळी. दोन्हींचं गणित वेगळं. पवनेचं खोरं नरसाळ्यासारखं आहे, वर रुंद आणि खाली निमुळतं. वरच्या एक मीटर थरात जेवढं पाणी मावतं, त्याच्या कितीतरी कमी तळाजवळच्या एक मीटर थरात मावतं. रावेतच्या बंधाऱ्यासाठी रोज तेवढंच पाणी सोडलं तरी मे महिन्यात पातळी जास्त उतरते. त्यात उन्हाळ्याचं बाष्पीभवन मिळवा. म्हणजे पाणी लवकर संपत नाही, पातळी लवकर उतरते. जलसंपदा खात्याकडे प्रत्येक पातळीला किती साठा याचा तक्ता असतो, रोजचे टक्के त्यावरूनच निघतात. आणखी एक गोष्ट, शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे. हे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, म्हणजे पवनेच्या बाबतीत सुमारे साडेआठ टीएमसीचे. त्याखाली मृत साठा उरतो.

गाळाचा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात. तो तक्ता जुना असेल आणि दरम्यान गाळ बसला असेल, तर शंभर टक्के भरलेल्या धरणातही पूर्वीइतकं पाणी नसतं, कारण ज्याने भागायचं तो आकडाच बदललेला असतो. गाळ मोजायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक, बोटीतून ध्वनिलहरी तळाशी सोडायच्या, त्या परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची, आणि ठरावीक रेषांवर फिरत सगळ्या तळाचा नकाशा करायचा. दुसरी स्वस्त. धरण उतरत असताना वेगवेगळ्या पातळ्यांना उपग्रहाने टिपलेली चित्रं घ्यायची आणि पाण्याचा पसारा मोजायचा. पातळी तीच, पण पसारा पूर्वीपेक्षा आकसलेला, तर मधली जागा गाळाने घेतली. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने राज्यातल्या अनेक जलाशयांचा असा अभ्यास केला आहे. या रीतीची मर्यादा उघड आहे: जो तळ कधी उघडाच पडत नाही, त्याच्यावरचा गाळ उपग्रहाला दिसत नाही.

बाष्पीभवनाचा उल्लेख निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. वेधशाळेत सुमारे एकशेवीस सेंटिमीटर व्यासाचं एक उथळ पात्र असतं. त्यातलं पाणी रोज किती उतरलं ते मोजतात आणि साधारण ०.७ ने गुणून तलावाचा अंदाज बांधतात. तापमान वाढतंय म्हटल्यावर पात्रातलं पाणी जास्त उडायला हवं. पण नबांशू चट्टोपाध्याय आणि माइक हल्म यांनी १९९७ साली भारतातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बाष्पीभवन कमी होत आलेलं आढळलं. पुढे जगात इतरत्रही तेच दिसलं. हवेतला ओलावा वाढला, धुळीधुराने आणि ढगांनी ऊन मंदावलं, वारा पडला, अशी कारणं पुढे आली, आणि कोणत्या ठिकाणी कोणतं कारण प्रबळ यावर वादही झाले. अपेक्षेविरुद्ध घट दिसली म्हणून कुणी नोंदी फेकून दिल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही स्वतः पाहताना एक पथ्य पाळा. आजचा साठा गेल्या आठवड्याशी ताडू नका, गेल्या वर्षी याच तारखेला किती होता त्याच्याशी ताडा. वर्तमानपत्रं तसं छापतात ते योग्यच आहे.

शंका: लहानपणी आमच्या ओटीवर चिमण्यांचे थवे यायचे. आता दिसत नाहीत. मोबाईल टॉवरमुळे चिमण्या संपल्या हे खरं का? वळवाच्या सुमाराचे काजवेही कमी झालेत. (काले)

समाधान: चिमण्यांचं उत्तर देता येतं, काजव्यांचं येत नाही. आधी चिमण्या.

देशभरातले पक्षिनिरीक्षक आपल्या याद्या एका सामायिक नोंदवहीत भरत असतात. त्यावरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आधी २०२० मध्ये आणि मग २०२३ मध्ये निघाला. दुसऱ्या अहवालासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरल्या. आता यात एक सापळा आहे. निरीक्षक दर वर्षी वाढत गेले, म्हणजे नुसत्या नोंदी मोजल्या तर प्रत्येक पक्षी वाढलाच असं दिसणार! म्हणून प्रश्न वेगळा विचारला: शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे? यादी किती लांब, ती कोणत्या भागातली, हेही हिशेबात धरलं. या मोजमापाने चिमणी देशपातळीवर २५ वर्षांत साधारण स्थिर निघाली, मोठ्या शहरांत मात्र घटलेली. टॉवरचा दोष सिद्ध करणारा पुरावा मिळालेला नाही. सिमेंटच्या घरात वळचण नाही, अंगणात पाखडणं नाही, पिल्लांना भरवायला किडे नाहीत, ही कारणं मला अधिक पटतात. तुमच्या ओटीवरची चिमणी गेली हे खरंच आहे. त्यावरून ती देशातून गेली असं ठरत नाही, इतकंच.

त्याच अहवालात चिंता करण्यासारखं दुसरं आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आहेत. आपण चिमणीच्या नावाने हळहळत असतो आणि माळावरचे, गवतातले पक्षी गुपचूप कमी होतात.

काजव्यांचं मात्र अवघड आहे. आपल्या डोंगरांत वीस-तीस वर्षांपूर्वी कुणी ठरावीक जागी, ठरावीक वेळी काजवे मोजून ठेवलेत असं माझ्या पाहण्यात नाही. जर्मनीत क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटक अभ्यासकांनी एकाच प्रकारचे जाळीचे सापळे वर्षानुवर्षं लावले, सापडलेल्या उडत्या किड्यांचं एकत्र वजन केलं. २०१७ मध्ये त्या नोंदींतून २७ वर्षांत वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं निघालं. व्यवसायाने शास्त्रज्ञ नसलेल्या लोकांनी शिस्तीने ठेवलेल्या नोंदी होत्या म्हणून ते कळलं. आपल्याकडे ती शिस्त नाही, आठवण आहे. आठवणीची अडचण डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये मांडली: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणचं चित्र हेच मूळ चित्र समजते. तुमच्या वडिलांना विचारलं तर ते तुमच्या लहानपणचे काजवेही कमीच म्हणतील.

संशय घ्यायला जागा आहे, हे कबूल. नर-मादीची ओळख ज्यांच्यात लुकलुकण्यावर होते, त्यांना कृत्रिम उजेड त्रास देतो हे प्रयोगांत दिसलं आहे. धरणाच्या काठाने तंबू आणि त्यांचे दिवे किती वाढलेत ते तुम्हीच जास्त जाणता. पण संशय म्हणजे निष्कर्ष नव्हे. या वर्षीपासून मोजायला लागा. एकच झाड, एकच उभं राहायची जागा, अंधार पडल्यावर ठरलेली दहा मिनिटं. पहिला वळीव कधी पडला, चांदणं होतं का, वारा होता का, हे शेजारी लिहा. एक वही दहा वर्षांनी काम देईल.

शंका: आमचे आजोबा सांगायचे की मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आता एकही नाही. ती औषधाने मेली असं ऐकतो. हे शोधलं कसं? (तुंग)

समाधान: तुमच्या आजोबांच्या सांगण्याला पूर्ण आधार आहे. घट कशी अभ्यासावी याचा धडा द्यायचा तर मी हीच गोष्ट निवडेन, म्हणून जरा लांबवतो.

पहिली शंका आली ती राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे घरटी मोजत होते. नव्वदच्या दशकात त्यांना पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी झपाट्याने कमी होताना दिसली, झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी दिसले. पण एका उद्यानातली घट म्हणजे देशातली घट नव्हे. पक्षी दुसरीकडे गेले असतील, असं कुणीही म्हणू शकलं असतं. इथे नशीब कामी आलं. १९९१ ते १९९३ या काळात देशातल्या ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात शिकारी पक्ष्यांची गणना झालेली होती, गिधाडांची काळजी म्हणून नव्हे, सर्वसाधारण नोंद म्हणून. २००० साली त्याच रस्त्यांवरून, त्याच पद्धतीने पुन्हा गणना झाली, आणि पुढेही होत राहिली. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचं गिधाड ९९.९ टक्क्यांनी घटलं होतं. हजारातलं एक उरलं. कड्याकपारीत घरटं करणारं लांब चोचीचं गिधाड, म्हणजे तुमच्या डोंगरांत असायचं ते, सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झालं.

मग कारण. अन्न संपलं का? नाही, जनावरांची मढी न खाल्लेली पडून होती. शिकार? आपल्याकडे गिधाड कोण मारतो! विषाणू असावा असा बऱ्याच जणांचा कयास होता, कीटकनाशकांकडेही बोट दाखवलं गेलं. शेवटी पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं फाडून तपासली. मूत्रपिंडं निकामी, आतल्या अवयवांवर पांढरा थर. मूत्रपिंडाला अपाय करतील अशी कोणती द्रव्यं त्यांच्या अन्नात येऊ शकतात, याचा माग काढत ते डायक्लोफेनॅकपर्यंत पोचले. हे गुराढोरांना सूज आणि वेदनेवर सर्रास टोचलं जाणारं औषध. अशा रीतीने मेलेल्या प्रत्येक पक्ष्यात ते सापडलं, इतर कारणांनी मेलेल्यांत सापडलं नाही. प्रयोगातही तोच परिणाम दिसला. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

तरी एक आक्षेप उरतो. किती जनावरं औषध टोचल्यावर लगेच मरतात? शंभरात एखादं. एवढ्याने सगळा देश रिकामा होईल? इथे कागदावरचं गणित आलं. गिधाड एका वर्षात एकच अंडं घालतं, पण खूप वर्षं जगतं, आणि एकेका मढ्यावर डझनावारी गिधाडं तुटून पडतात. हिशेब असा निघाला की शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असेल तरी पाहिलेली घट होऊ शकते. त्या गणिताने मला तेव्हा खरोखर हादरवलं होतं. कारण क्षुल्लक दिसतं म्हणून ते खोटं ठरवू नये.

२००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय सुचवला. कारण खरं असेल तर ते काढून घेतल्यावर घट थांबली पाहिजे, आणि पुढच्या गणनांत तिचा वेग मंदावलेला दिसला. पळवाटाही निघाल्याच. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली तीन मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांचाही जनावरांसाठीचा वापर बंद झाला.

आणि गोष्ट पक्षिशास्त्रात संपली नाही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये वेगळाच हिशेब मांडला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे मुळातच नव्हती, अशा जिल्ह्यांतले माणसांचे मृत्यू आधी आणि नंतर कसे बदलले ते ताडलं. मढी कुजली, पाणी बिघडलं, कुत्री वाढली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाजच तो, पण तुलना चोख आहे.

आता तुंगच्या कड्यावर गिधाडं परत येतील का? समजा, उरलेली दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढली, आणि हे फार उदारपणे धरलं, तरी हजारपट व्हायला सत्तरहून अधिक वर्षं लागतात. दरम्यान गुरांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव विचारत जा. तेवढं आपल्या हातात आहे.

शंका: इंद्रायणी भाताचा उतारा पूर्वीसारखा राहिला नाही. खत तेवढंच, पाऊस तेवढाच. वाण जुना झाला का? (कोथुर्णे)

समाधान: इंद्रायणी तुमच्याच तालुक्याची. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडली, आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. तेव्हा आस्था मीही समजू शकतो. पण 'पूर्वी' म्हणजे कोणतं वर्ष? माणसाला बंपर सुगी लक्षात राहते, आणि बंपर वर्षानंतरचं वर्ष बहुधा त्याहून कमीच असतं. त्याला कारण लागत नाही. पाच वर्षांची सरासरी मागच्या पाच वर्षांशी ताडल्याशिवाय बोलू नये.

दुसरं, मोजलं कसं? याचं भान देशाला देणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पीक कापणी प्रयोगांत त्यांनी दाखवलं की कापणीसाठी खाचरातला तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगलेला येतो, कारण कडेवरचं झाड आत की बाहेर हे ठरवताना हात नकळत आत ओढतो. लहान तुकड्याला कड प्रमाणाने जास्त, म्हणून चूक जास्त. आता विचार करा: आधी लहान तुकड्यांनी मोजलं आणि पुढे मोठ्या तुकड्यांनी, तर शेतात काही न होता कागदावर उतारा घटेल! या मुद्द्यावर सुखात्मे आणि महालनोबिस या संख्याशास्त्रज्ञांचा वाद चांगलाच रंगला होता.

वाणाचा संशय फेडायचा तर येत्या आवणीला एकाच खाचरात निम्म्यात घरचं बी लावा, निम्म्यात प्रमाणित बी. रोपं एका वयाची, खत एका मापाने, कापणी आणि वजन वेगवेगळं. वर्षानुवर्षं घरचंच बी वापरलं की त्यात भेसळ होते, त्यामुळे वाणाला दोष देण्याआधी बियाण्याला द्यावा असं माझं मत आहे. पण मतापेक्षा तुमचा तराजू खरा.

शंका: शाळेचा पट दर वर्षी घटतो. सगळे इंग्रजी माध्यमाला दोष देतात. खरं कारण कसं काढावं? (एक शिक्षिका, धरणाकाठचं गाव)

समाधान: बाई, दोष वाटून द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. मुलंच कमी जन्मतात, तर पट कुठून येणार? लोकसंख्याशास्त्रज्ञ अशा घटीची फोड करतात. जन्म किती कमी झाले, कुटुंबं किती बाहेर गेली, आणि गावात असूनही दुसऱ्या शाळेत किती गेली. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी आणि अंगणवाडीचं रजिस्टर घ्या. सहा वर्षांपूर्वी गावात जन्मलेली मुलं आणि या जूनची पहिलीची भरती यांतला फरक नावानिशी काढा. संध्याकाळभराचं काम आहे. मग बैठकीत बोला.

शंका: किरणोत्सारी पदार्थ ठरावीक वर्षांनी निम्मा होतो, मग पुन्हा निम्मा. मग तो संपतो कधी? आणि त्यावरून वय कसं कळतं? (इयत्ता दहावी)

समाधान: गणिती सूत्रात तो कधीच संपत नाही, प्रत्यक्षात शेवटचा अणूही केव्हातरी विघटित होतो, फक्त केव्हा ते सांगता येत नाही. या पत्रांतली ही एकमेव घट अशी आहे जिचा वेग आपल्याला आधीपासून ठाऊक असतो आणि ऊन-पाऊस-बाजार काहीही तो बदलत नाही. म्हणून तिचं घड्याळ करता येतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत, त्या पाहून ये. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन-१४ घेतं, मेल्यावर घेणं थांबतं, असलेला ५७३० वर्षांनी निम्मा होतो. दोन हजार वर्षांच्या लाकडात मूळच्या सुमारे ७८ टक्के उरेल. सूत्रात घालून पडताळ. आणि हे लक्षात ठेव की असं वय लाकूड वाढलं तेव्हाचं निघतं, ते तासून छताला बसवलं तेव्हाचं नव्हे.

शंका: लेण्यांच्याही आधी आपल्या जिल्ह्यात मोठी गावं होती आणि ती ओसाड झाली, असं वाचलं. लेखी काही नसताना ऱ्हास झाला हे कशावरून म्हणतात? (भाजे)

समाधान: तुम्ही बहुतेक शिरूर तालुक्यातल्या इनामगावबद्दल वाचलं असावं. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली, १९६८ ते १९८३ दरम्यान तिथे खोदकाम केलं. लेख नाही, राजा नाही, तारीख नाही. मग त्यांनी अनेक साध्या गोष्टी थरांनुसार मोजल्या. इसवीसनापूर्वी १४०० ते १००० या काळात मोठी चौकोनी घरं, धान्यकोठार, पुराचं पाणी वळवणारा बांध. त्यानंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या, हलकी भांडी, धान्याचे कमी अवशेष, हरणांसारख्या शिकारीच्या प्राण्यांची जास्त हाडं. ढवळीकरांनी याची सांगड पाऊस कमी होण्याशी घातली.

सर्वांत बोलका पुरावा दातांचा आहे. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी सांगाड्यांचे दात तपासले, तर उत्तर काळात दातांची कीड कमी झालेली! दंतवैद्य खूश होईल. पण कीड पिठूळ धान्यं जास्त खाल्ल्याने लागते. कीड घटली याचा अर्थ भाकरी घटली. पुढे ग्वेन रॉबिन्स शूग यांनी लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास केला, त्यात उत्तर काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. घरं, भांडी, हाडं, दात, चारही एकमेकांपासून स्वतंत्र, आणि चारही एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून ऱ्हास म्हणायचं धाडस करता येतं. नुसत्या लहान झोपड्यांवरून मी म्हटलं नसतं. त्या मेंढपाळांच्या हंगामी वस्तीच्याही असू शकल्या असत्या. हवामान बदललं की जमीन थकली, यावर मात्र अजून एकमत नाही.

शंका: आजीच्या पायावर नारूची खूण आहे. आता नारू 'नाही' असं म्हणतात. नाही हे सिद्ध कसं करतात? एखादा रुग्ण कुठे लपलेला असला तर? (येळसे)

समाधान: शंभराचे दहा झाले हे दाखवणं सोपं, एकाचा शून्य झाला हे दाखवणं फार कठीण. नारू पायऱ्यांच्या विहिरींतून पसरायचा. रोग्याचा पाय पाण्यात बुडाला की किडा अळ्या सोडायचा आणि तेच पाणी गाव प्यायचं. पाणी कापडाने गाळणं, विहिरींत औषध टाकणं, पायऱ्या बुजवणं आणि हातपंप बसवणं, एवढ्यावर तो आटोक्यात आला. पण रुग्ण कमी होतात तशी शोधणाऱ्यांची उमेदही कमी होते, आणि न शोधल्यामुळे न सापडणं याला शून्य म्हणत नाहीत. म्हणून शेवटच्या टप्प्यात उलटं केलं: घरोघर शोध चालू ठेवला आणि नारूचा रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. अफवा आली की तपास, आणि प्रत्येक तपासाची नोंद. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ असा कसून शोध घेऊनही काही मिळालं नाही, तेव्हा कुठे फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर झालं. लपलेला रुग्ण असता तर एका वर्षात नवे रुग्ण दिसले असते, कारण किड्याला वाढायला साधारण वर्ष लागतं. प्रतीक्षेचा कालावधी त्या हिशेबाने ठरतो.

पुढच्या अंकात पावसाबद्दलच्या शंका घेणार आहे. लोणावळ्यापासून पवनाकाठापर्यंत कुणाच्या घरी, शाळेत, सोसायटीत किंवा बंगल्याच्या माळ्याकडे पर्जन्यमापकाच्या जुन्या वह्या असतील, तर त्यांच्या छायाप्रती पत्रासोबत पाठवा. मधली वर्षं कोरी असली तरी चालेल. मापक कुठे ठेवलं होतं आणि ते कधी हलवलं, हे मात्र आठवून लिहा.